मी पायरीवरून पडले नव्हते

ही वही धाकटीच्या शाळेची आहे. ती चौथी पास झाली आणि मागची बरीच पानं कोरी राहिली. मीही चौथीपर्यंतच शिकले, तेव्हा लिहिण्यात चुका होतील. मला समोरासमोर बोलता येत नाही. लहानपणी कोणी नाव विचारलं तरी मी आईच्या लुगड्यात तोंड लपवायची. कागदासमोर तेवढी लाज वाटत नाही.

वही तांदळाच्या डब्यामागे असते. माझ्यासारखी एखादी बाई अशाच तापात पडली असेल आणि ही पानं तिच्या हाती लागली, तर तिला एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मी वाचले ती मिठाने नाही.

*

आमचं घर दिघीच्या खाडीकाठी, कोळीवाड्यात. ही गोष्ट नऊ-दहा वर्षांपूर्वीची. तेव्हा घरात सासूबाई, हे, मी आणि चार मुलं. धाकटी कमळ सहा महिन्यांची होती, अंगावर पीत होती. तिच्या वेळी माझं रक्त दोन दिवस थांबलं नव्हतं. बाळंतपण भागीआतेने केलं. ती ह्यांची लांबची आत्या. वाड्यातली निम्मी माणसं तिच्याच हातावर जगात आली. ती दोन दिवस माझ्या उशाशी बसून होती. उठताना सासूबाईंना म्हणाली, "हिला आता पुरे. पुढचं आलं तर माझ्या हातून ही ऱ्हायची न्हाय."

चैत्रात आम्ही जवळा वाळत घालत होतो आणि मला ओकारी आली. ज्या बाईचा जन्म जवळ्यात गेला तिला जवळ्याचा वास जाणवत नाही. सासूबाईंनी हातातला खराटा खाली ठेवला.

"किती झालं?"

"दुसरा लागला."

"कमळीला पाजतंस ना?"

"व्हय."

"पाजणारीला ऱ्हात न्हाय म्हणतात."

"मी पण तेच धरून बसलेली, आये."

त्या बराच वेळ जवळा पालथत राहिल्या. मग म्हणाल्या, "भागीला सांगते. त्याला कळता कामा न्हाय." त्याला म्हणजे ह्यांना. हे तेव्हा होडी घेऊन चार-चार दिवस बाहेर असत.

मला कोणी विचारलं नाही आणि मी नाहीही म्हटलं नाही. तेव्हा काय वाटत होतं ते खरं लिहिते. मला मरायची भीती वाटत होती. पाचवं मूल आलं तर मी जाणार आणि चार लेकरं उघडी पडणार, एवढंच डोक्यात होतं. भागीआतेचा शब्द मला डॉक्टरच्या शब्दासारखा होता, कारण डॉक्टर मी तोपर्यंत बघितलाच नव्हता.

*

काय केलं ते लिहीत नाही. वाचणारीला त्याचा उपयोग नाही आणि मला ते आठवायचं नाही. फक्त मिठाचं सांगते, कारण चूक तिथेच आहे.

आमच्याकडे मासे खारवायची मोठी पिंपं असतात. त्यातलं पाणी आम्ही सहसा फेकत नाही, ते मुरलेलं चांगलं समजतात. भागीआतेने त्याच पिंपातलं पाणी तांब्यात घेतलं, त्यात हात बुडवले, बाकीचं सामानही त्यातच बुडवलं. मी बघत होते. मला ते बरंच वाटलं. घोळ, सुरमई वर्षभर राहते ती याच पाण्यामुळे. लहानपणापासून ऐकलेलं, मिठात घातलेलं सडत नाही. काम झाल्यावर तेच पाणी तिने मलाही लावलं. आग झाली तेव्हा म्हणाली, "आग होते म्हणजे लागू पडतंय गो."

तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप आला. दुपारच्या उन्हात मी दोन गोधड्यांखाली कापत होते. सासूबाई मिठाच्या पाण्याची पट्टी बदलत होत्या. त्याच दिवशी हे घरी आले.

"काय झालं हिला?"

"पडली," सासूबाई म्हणाल्या. "धक्क्याच्या पायरीवरून. पाटी घेऊन उतरत होती."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. माझ्या अख्ख्या आजारपणातलं पहिलं खोटं ते, आणि त्याला शब्दही लागला नाही.

पाचव्या दिवशी अंगाला वास यायला लागला. तेव्हा ह्यांनी मला उचलून होडीत घातलं आणि खाडीपलीकडच्या दवाखान्यात नेलं. भागीआते धक्क्यावर आली नाही. तिच्या दाराशी ती उभी होती, पदर तोंडाला लावून. मी दवाखान्यात काय बोलेन याच्यावर तिचं सगळं अवलंबून होतं. सासूबाई होडीत माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "पोलीस येतात. भागीला नेतील, तुलाही नेतील. पायरीच सांग."

*

दवाखान्यातला पहिला दिवस मला फिनेलच्या वासाने आठवतो. बायकांच्या खोलीत सहा खाटा होत्या. माझी भिंतीकडची. डॉक्टर वयस्कर होते, आवाज मोठा. त्यांनी विचारलं, "काय झालं?" मी तोंडावरचा पदर घट्ट केला. ह्यांनीच सांगितलं, पायरीवरून पडली.

"किती दिवस?"

"चार-पाच."

"रक्त जातंय?"

हे माझ्याकडे वळले. त्यांना ठाऊक नव्हतं. मी पदर डोळ्यांवर ओढला.

शेजारच्या खाटेवर म्हसळ्याकडची फातमाबी होती. तिच्या पायाचं गळू कापलं होतं, पण जीभ शाबूत होती. डॉक्टर गेल्यावर म्हणाली, "अगे, तोंड दाखवलंस तर डॉक्टर काय तुझ्याशी निकाह लावनार हाय? त्याची बायको त्याला चहा पन वेळेवर देत न्हाय." खोलीतल्या सगळ्या हसल्या. मीही पदराआड हसले, आणि पोटात कळ आली.

सकाळी सिस्टर ताप बघायची, मग पेज यायची, मग दुपारपर्यंत छताकडे बघायचं. इंजेक्शनं दिली, पण डॉक्टर मार लागलेल्या बाईचं औषध देत होते. आजार एक आणि औषध दुसऱ्याचं. हे फक्त मला ठाऊक होतं. माझ्या तोंडात एक वाक्य होतं आणि ते बाहेर काढलं तर जिने मला कमळीच्या वेळी वाचवलं ती तुरुंगात जाणार होती. नाही काढलं तर मी जाणार होते. रोज पेज आली की वाटे, आज सांगते. रोज भांडं परत गेलं की वाटे, उद्या.

दूध भरून छाती दगडासारखी झाली होती. कमळीला पाजायचं नाही असं सांगितलं होतं. ते दूध मी पदराच्या टोकात पिळत असे. मला वाटतं, त्या दिवसांत मी रडले ती फक्त त्या दुधासाठी.

हे एक दिवस आड यायचे. खाटेच्या पायाशी बसायचे. बोलणं त्यांनाही फार जमत नाही. दुसऱ्या वेळी आले तेव्हा त्यांची नखं काळी-हिरवी झाली होती. मी हाताकडे बघतेय असं पाहून म्हणाले, "ती पायरी घासली. नारळाच्या करवंटीनं. लई शेवाळ होतं. दुसरं कोणी पडायला नको."

मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

*

दवाखान्यात पाचव्या दिवशी डॉक्टर ह्यांना बाहेर घेऊन गेले. परत आले तेव्हा ह्यांचे ओठ पांढरे पडले होते. फातमाबीने त्या दिवशी थट्टा केली नाही. मला कळलं, माझी आशा नाही.

संध्याकाळी सिस्टर आली. उंच, दणकट बाई होती. सगळ्या तिला घाबरायच्या. तिने पडदा ओढला, खाटेच्या कडेला बसली आणि माझा हात मांडीवर घेतला.

"तू बोलणारी नाहीस, मला कळलंय. बोलू नकोस. मी विचारते, खरं असेल तर माझं बोट दाब. एवढंच."

मी डोळे मिटले.

"तू पडलीस?"

मी हात सैल ठेवला.

"कोणी हात लावला? पोटात होतं ते काढायला?"

बाहेर कोणीतरी कप्पी फिरवून विहिरीतून पाणी काढत होतं. ती कप्पी थांबली आणि मी बोट दाबलं.

"नाव मला नकोय," ती म्हणाली. "काय लावलं होतं?"

त्याला मात्र शब्द लागला. मी म्हटलं, "मीठ. पिंपातलं."

"मासे खारवतात त्या?"

मी परत बोट दाबलं. ती मला रागावली नाही. म्हणाली, "बाई गं, मीठ मेलेल्या माशाला राखतं. जित्या माणसाला नाही."

*

त्याच दिवशी औषध बदललं. मला आत नेऊन जे करायचं ते केलं. त्यानंतरचे दोन दिवस मला आठवत नाहीत. जाग आली तेव्हा पडद्यापलीकडे डॉक्टर आणि सिस्टर बोलत होते. मी झोपलेय असं त्यांना वाटलं.

डॉक्टर म्हणत होते, "या बायका स्वतःच्या हाताने मरण ओढवून घेतात. पिशवी कायमची बिघडते, पुढे मूल राहत नाही. म्हणून तर कायदा आहे."

"कायदा आहे म्हणून त्या आठ दिवस उशिरा येतात," सिस्टर म्हणाली. "चांगल्या हाताने झालं असतं तर एवढं झालं नसतं."

"चांगल्या हाताने झालं तरी अपाय आहेच. शरीराला हे मान्य नाही."

"तुम्ही बघितलंय का, डॉक्टर? चांगल्या हाताने झालेलं?"

"नाही. तू?"

"मीही नाही. आपल्याकडे येतात त्या सगळ्या अशाच."

पेल्यात चमचा फिरल्याचा आवाज आला. एवढं शिकलेल्या माणसांनासुद्धा ठाऊक नाही, हे ऐकून मला आधी भीती वाटली. मग का कोण जाणे, जरा बरं वाटलं.

कागदावर डॉक्टरांनी काय लिहिलं ते मला कधी कळलं नाही. पोलीस आले नाहीत. तीन आठवड्यांनी मी घरी आले. फातमाबी आधीच गेली होती. जाताना खडीसाखरेची पुडी माझ्या उशाखाली ठेवून गेली होती.

*

घरी आले त्या दिवशी भागीआते पाच बांगडे घेऊन आली. चुलीशी बसली.

"माझं नाव घेतलं न्हायस."

"न्हाय."

"आता मी कुनाचं करनार न्हाय." आणि तिने नाही केलं. तीन वर्षांनी ती गेली.

मला त्यानंतर मूल राहिलं नाही. सासूबाईंनी आधी दोन वर्षं ते देवाचं देणं म्हटलं, मग धाकट्या मुलाला गोवर झाला तेव्हा शिक्षा म्हटलं, मग परत देणं म्हटलं. माझी कंबर दुखते. दर महिन्याला चार दिवस उठवत नाही. हे त्याच्यामुळे, की चार बाळंतपणांमुळे, की जन्मभर डोक्यावर पाट्या वाहिल्यामुळे, मला सांगता येत नाही. त्या तापामुळे मी मरणाच्या दारात गेले एवढं मात्र ठाऊक आहे.

वाड्यातल्या पुरुषांना पायरीच ठाऊक होती. बायकांना खरं ठाऊक होतं, पण मला कोणी विचारत नव्हतं आणि मी सांगत नव्हते. त्यामुळे झालं असं की मी मीठ लावून गेले, आणि जिती परत आले. बायकांनी त्याचा अर्थ आपापला लावला.

*

यंदा माघात शाळेत महिला मंडळाची बैठक झाली. शाळेच्या बाईंनी वर्तमानपत्र वाचून दाखवलं. सरकार कायदा बदलायचा विचार करतंय, डॉक्टरकडे रीतसर करून घेता येईल असं काहीतरी. बाई म्हणाल्या, यात बायकांच्या जिवाला धोका किती यावरून मोठ्या लोकांत वाद चाललाय, तुम्हाला काय वाटतं?

एरवी या बैठकीत शिवणाच्या मशीनवरून भांडण होतं. त्या दिवशी याच्यावरून झालं.

"करून घेते तिचं अंग जन्मभर पोखरतं," एक म्हातारी म्हणाली.

"आनि अकरा बाळंतपणांनी तुझं काय सोनं झालं?" तिची जाऊ म्हणाली. "खोकलीस तरी धावत बाहेर जातंस." सगळ्या पोट धरून हसल्या, म्हातारीसुद्धा.

"सरकारनं रस्ता उघडला तर पोरी बिघडतील."

"बिघडायला रस्ता कशाला लागतो? आपल्याकडं तर रस्ताच न्हाय." परत हसू.

मग मागून कोणीतरी म्हणालं, "डॉक्टर कशाला हवा? मिठानं होतं की. पारूवयनीचं न्हाय झालं? बघा, कशी ठणठणीत बसलीय."

पारू म्हणजे मी. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा जळायला लागला. मी सतरंजीचा दोरा ओढत बसले. नऊ वर्षं मी गप्प बसले ती भागीआतेसाठी, आणि ती तर कधीच गेली होती. आता मी कोणासाठी गप्प होते? तरी तोंड उघडेना. ते हसणं, ते डोळे, आणि मध्ये मी, जणू खाट परत भिंतीला लावली होती.

माझ्या बाजूला शेजारच्या घरातली सून हिरा बसली होती. वीस-बावीस वर्षांची, दोन मुलांची आई. ती खाली बघत होती. बैठक संपली, तिला उठता येईना म्हणून मी हात दिला. हात चुलीवरच्या तव्यासारखा होता.

"कधी?" मी विचारलं.

"परवा," ती म्हणाली. "मीठ लावलंय वयनी. तुम्हाला लावलेलं तसंच."

*

हिराची सासू म्हणाली, वाऱ्याचा ताप आहे, उतरेल. मी तिच्याशी वाद घातला नाही, मला येतच नाही. मी ह्यांच्याकडे गेले, हे जाळं सांधत होते. म्हटलं, होडी काढा. ते माझ्या तोंडाकडे बघत उठले.

दवाखाना तोच. डॉक्टर आता दुसरे, तरुण. सिस्टरची बदली झालेली. हिराला एका बाजूने ह्यांनी धरलं होतं, दुसऱ्या बाजूने मी. तिची सासूही आली होती.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"पडली," हिराची सासू म्हणाली. "पायरीवरून."

मला तेव्हा कोणाचंच बोट धरता आलं नाही. मी पदर तोंडावरून काढला.

"पडलेली न्हाय," मी म्हटलं. "परवा करून घेतलंय. माशाच्या पिंपातलं पाणी लावलंय. तिला औषध त्याचं द्या. मलाही तेच झालं होतं, याच दवाखान्यात. मी सांगितलं न्हाय म्हणून औषध दुसरंच होत राहिलं. मी पण पायरीवरून पडलेली न्हवते."

माझ्या आयुष्यातलं एवढं लांब बोलणं ते पहिलंच. डॉक्टरांनी ताबडतोब हिराला आत घेतलं. ह्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

*

हिरा वाचली. दहा दिवसांत घरी आली. तिची सासू माझ्याशी बोलत नाही. डॉक्टरांनी हिराला सांगितलंय, पुढचं काही खात्रीने सांगता येणार नाही. तिने मला विचारलं, "वयनी, अपाय झालाच असंल का कायमचा?" मी म्हटलं, "मला ठाऊक न्हाय गो. सडलेलं पाणी आणि उशीर, एवढंच मला ठाऊक हाय." पिंपाचं मी आता एकेकीला सांगते. माझ्यात बैठकीत बोलायची हिंमत नाही, पण विहिरीवर दोघी असलो की सांगते. ताप आला तर पहिल्या दिवशी जा, आणि खरं काय ते सांगा. बोलता येत नसेल तर कोणाचं तरी बोट दाबा.

हिराला दवाखान्यात ठेवून परत येताना होडीत आम्ही दोघेच होतो, तिची सासू तिच्यापाशी थांबली होती. खाडी ओलांडेपर्यंत हे वल्हं मारत राहिले. पुढे कित्येक महिने त्यावर एक शब्द झाला नाही.

पावसाचा जोर ओसरला. नारळीपौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी धक्क्यावर गेले तर हे दरवर्षीसारखे करवंटी घेऊन त्या पायरीवर बसलेले. नऊ वर्षं घासतात ते. मी वरच्या पायरीवर उभी राहिले.

"आता कशाला घासताय?" मी म्हटलं. "मी पडले न्हवते."

"ऐकलं ते मी," ते म्हणाले. हात थांबला नाही. "शेवाळ तर हाय ना."

मी खाली उतरले आणि दुसरी करवंटी घेतली.